मावशीचा गुडघा

मी बिबट्या पाहिला म्हटलं की आमच्या लालबागच्या चाळीतली शेजारीण म्हणते, मांजर असेल. मी मांजर पाहिलं म्हटलं की म्हणते, काहीच नसेल. याची मला कधी लाज वाटली नाही. बोलण्यावरच तर माझं पोट चालतं. भायखळ्याच्या बाजूला, नशेतून बाहेर काढायला ठेवलेल्या मुलींचं एक सुधारगृह आहे, तिथे मी शिकवते. फाटकाचं कुलूप असं, की किल्ली उचलायला दोन हमाल लागावेत.

पहिल्याच दिवशी एकीने विचारलं, "टीचर, तुम्ही कशात अडकलात?"

"नवऱ्याला गॅलरीतून फेकला. खाली कापसाची हातगाडी होती. तसाच उठून ड्युटीवर गेला."

दुसऱ्या दिवसापासून वर्गात बसायला जागा नव्हती.

त्यात एक सोळा वर्षांची होती, वडाळ्याची. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या रिचवून इथवर आलेली. आई नाही. घोडपदेवला एक मावशी, जी दर भेटीच्या दिवशी तळलेल्या बांगड्याचा डबा घेऊन यायची. मुलीचे उपचार संपत आले होते. आता तिला मावशीकडे सोडायचं की आणखी सहा महिने ठेवायचं, हे तीन जणांची समिती ठरवणार होती, आणि समितीसमोर मुलीला स्वतः बोलावं लागतं. ही तर मुलखाची मुकी. म्हणून तालीम घ्यायची मी ठरवलं. चष्मा नाकाच्या टोकावर आणून मी समितीच्या मॅडम झाले.

"मावशीकडेच का जायचंय?"

"ती काय विचारत नाय. जेवायला वाढते."

"आणखी?"

"तिचा गुडघा दुखतो. पाणी मी भरीन."

मला हे फार अळणी वाटलं. गुडघ्याने कुणाचं काळीज हललंय? मी मसाला घेऊन बसले. पहिल्या तालमीत मावशी लंगडायला लागली, दुसरीत तिच्या हातात काठी आली, आणि आठवडा संपेपर्यंत ती अंथरुणाला खिळून, कोरड्या ओठांनी दाराकडे डोळे लावून पडली होती. पाण्याचा पेला धरायला जगात कुणी नाही. वर्गातल्या मुली रडल्या. स्वयंपाकघरातली बाई तवा तसाच ठेवून दारात येऊन उभी राहिली, आणि त्या दिवशीच्या चपात्या कोळसा झाल्या.

"पण टीचर, ती तर चालते," मुलगी म्हणाली.

"अगं, समिती काय घोडपदेवला येणार आहे बघायला?"

मावशीला मी परस्पर निरोपही धाडला, की बैठकीला यायचा त्रास घेऊ नका, आम्ही आहोत.

बैठकीच्या दिवशी मी दारात उभी होते. मुलगी काय बोलली म्हणून सांगू. मी शिकवलेले हुंदकेसुद्धा जागच्या जागी. मॅडमनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, झालं काम. मग त्यांनी मायेने विचारलं, "बाळ, मावशी अंथरुणावर असेल तर तुझ्याकडे कोण बघणार?"

याची तालीम झाली नव्हती.

तेवढ्यात माझ्या मागून, दोन मजले चढून, कठड्याला धरत मावशी आली. हातात डबा. पोरीच्या निकालाला घरचं कुणी नको, असं कसं चालेल, म्हणून आलेली.

"तुम्ही तर अंथरुणाला खिळलेल्या ना?" मॅडमनी विचारलं.

"कोण म्हणतं? आत्ता बाजार करून, चालत आले."

गोष्ट खोटी, हे खोलीत सगळ्यांच्या लक्षात आलं. मावशी भाचीकडे बघत राहिली. "माझं मरण मागत होतीस काय गं?"

"हे तुला कुणी शिकवलं?" मॅडमचा आवाज आता वेगळा होता.

"कुणी नाय. माझं मीच."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि माझं तोंड, जे लग्नात भटजीचं आणि मयतात रडणाऱ्यांचं ऐकू येऊ देत नाही, ते मिटलेलंच राहिलं. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. "नशेतल्या पोरी अशाच खोटं बोलतात," एक सदस्य दुसऱ्याला म्हणाले. तेही मी उभ्या उभ्या ऐकलं.

दुसऱ्या दिवशी अधीक्षिकाबाईंना मी सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, ना तिखट ना मीठ. त्या हसल्या.

"पोरीसाठी अंगावर घेताय. आम्ही ओळखतो ना तुम्हाला."

"नाही हो, खरंच."

"तुमचं 'खरंच' तर आम्हाला पाठ आहे."

पुढच्या बैठकीआधी मी वर्गात नुसती खुर्ची ओढली, तर मुलगी म्हणाली, "टीचर, या टायमाला तालीम नको." रागाने नाही, साधंच म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर मावशीशेजारी बसले. ती गुडघा चोळत होती. दार उघडलं आणि मुलगी बाहेर आली.

"सोडलं," ती म्हणाली.

"काय बोललीस?" मी विचारलं.

"मावशीचा गुडघा दुखतो म्हटलं."

मावशीने डोळे पुसले आणि डबा माझ्यापुढे उघडला. "घ्या टीचर. घरात तोंड उघडत नव्हती पोरगी. खोटं बोलली ते बोलली, पण तुम्ही तिला बोलायला शिकवलंत."

मी मुलीकडे पाहिलं. ते खोटं कुणाचं हे सांगायचं असतं तर तिला एक वाक्य पुरलं असतं.

"खा टीचर," ती म्हणाली. "जिने चढून आलीय ती."

मी मान खाली घालून बांगडा खाल्ला. बिबट्याएवढा नव्हता. बांगड्याएवढाच होता.