हेमराजने कापलेला सिनेमा

हेमराजचे वडील लिंबायतला कापडाच्या लूमवर राबले. हेमराज मात्र कॉम्प्युटर शिकला, साड्यांची डिझाइनं करू लागला आणि पर्वत पाटिया भागात फ्लॅट घेऊन राहिला. सिनेमा घरात लावण्याआधी तो एकटा बघायचा. मिठ्या, शिव्या, नको ते सगळं कापायचा आणि मगच बायको ज्योती आणि मुलगी सोनाली यांच्यासमोर लावायचा. सांधा कुठे आहे ते कळायचं नाही. सोसायटीतले लोकही पेन ड्राइव्ह घेऊन त्याच्याकडे यायचे.

मेहुणा एकदा म्हणाला, "दाजी, दुसऱ्याचा सिनेमा तुम्ही कसा काय कापता?"

"घर माझं, टीव्ही माझा. एवढंही स्वातंत्र्य नाही का मला?"

"तुम्हाला आहे. सोनालीला?"

"ती लहान आहे अजून," हेमराज हसत म्हणाला.

सोनाली तेव्हा आठवीत होती. त्याच सुमारास त्याने एक सिनेमा कापला. त्यात एक मास्तर शिकवणीला येणाऱ्या मुलीच्या अंगाला हात लावतो. मुलगी आईला सांगते, आणि आई त्याच्या दारात जाऊन त्याला जाब विचारते. पोरीच्या कानावर हे कशाला, म्हणून हेमराजने तो सगळा भागच काढून टाकला. उरलं ते इतकंच, की मुलगी एकाएकी गप्प होते आणि घरचे लोक गाव सोडतात.

कॉलेजात गेल्यावर सोनालीने तारा नावाच्या मैत्रिणीच्या घरी तोच सिनेमा अख्खा पाहिला. घरी आली तेव्हा हेमराज जेवत होता.

"पप्पा, त्या सिनेमातली मुलगी आईला सगळं सांगते. तुम्ही ते कापलं होतं."

"असेल. तू लहान होतीस."

"ट्यूशनचे सर तेव्हा मलाही..." ती थांबली. "तुमच्या सिनेमात ती नुसती गप्प बसली होती. मीही बसले. वर्षभर जात राहिले तिथे."

ज्योतीची पोळी तव्यावरच करपली. "मला का नाही बोललीस गं?"

"कशी बोलणार? तसलं काही टीव्हीवर आलं तरी पप्पा रिमोट शोधायचे."

हेमराज ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी तो सरांना शोधत भेस्तानला गेला. क्लास आता मोठा झाला होता. दाराबाहेर मुलींच्या चपला होत्या. हेमराज ओरडला, तसे सर शांतपणे म्हणाले, "पुरावा आणा." जमलेल्यांपैकी एकाने त्याला बाजूला घेतलं आणि पोरीचीच अब्रू जाईल, सोडून द्या, असं समजावलं. "भाई, छोकरीनी बदनामी थशे. जवा दो ने."

हेमराज परत आला. सोनालीकडे न बघता म्हणाला, "झालं ते झालं. आता हे बाहेर नको काढूया."

मग ज्योतीनेच पदर खोचला आणि पायात चपला घातल्या. "चल गं, पोलीस स्टेशनला जाऊ."

हेमराज उठला, तर सोनाली म्हणाली, "तुम्ही नका येऊ, पप्पा."

केस उभी राहिली, अजून चालू आहे. तारखेला मायलेकी रिक्षा करून जातात. हेमराज त्या दिवशी रजा टाकून घरी बसतो. चला म्हणून त्याला कोणी म्हटलेलं नाही.