सेटमास्तरांचा गुरुवार

सासूबाईंच्या दातांवर मी बसलो, ही गोष्ट आमच्या घरात आता कायमची नोंदली गेली आहे. माझं म्हणणं एवढंच, की दात ही खुर्चीवर ठेवायची वस्तू नव्हे. त्यांनी ते रुमालात गुंडाळून ठेवले होते, आणि खुर्चीवर रुमाल दिसला म्हणून बसायचं कोणी थांबत नाही. खालून कट् असा आवाज आला. उठून पाहतो तर वरच्या कवळीचे दोन तुकडे. सासूबाईंनी दोन्ही तुकडे उचलून पाहिले. मग बोळक्या तोंडाने, पण एकेक शब्द नीट पोचेल अशा बेताने म्हणाल्या, "जावई सासरच्यांच्या डोक्यावर बसतात हे ऐकलं होतं. दातांवर बसलेले तुम्ही पहिलेच."

दातांच्या डॉक्टरांनी तुकडे उलटसुलट करून पाहिले आणि परत माझ्याच हातात ठेवले. ते म्हणाले, आम्ही फक्त तोंडाचं माप घेतो, दात घडवतात ते मागच्या गल्लीतले सेटमास्तर. बुधवारची दुपार होती. मी रुमाल खिशात घालून मागच्या गल्लीत गेलो.

जिन्याखालची खोली. दारात पाऊल टाकलं आणि बुटांचा रंग बदलला, कारण खोलीत सगळीकडे प्लास्टरची पांढरी भुकटी बसलेली होती. टेबलावर, पंख्यावर, कॅलेंडरवर, मास्तरांच्या भुवयांवर. फळीवर ओळीने प्लास्टरचे जबडे मांडले होते. सगळे आ वासून. दहावीचा निकाल ऐकायला जमलेले पालक असावेत तसे. त्यांच्यासमोर साठीकडे झुकलेले मास्तर एका स्टुलावर डोळे मिटून बसले होते. मी खाकरलो तर डोळे न उघडताच म्हणाले, "थांबा, सेट होतंय."

पुढे कळलं की त्यांचं झोपणं, बसणं, चहा पिणं, सगळं या 'सेट होतंय'मध्येच उरकतं. प्लास्टर कालवून ओतलं की ते आधी गरम होतं, मग गार पडतं, आणि पुरतं गार झालं की सेट झालं. तेवढा वेळ हात लावता येत नाही. तीच विश्रांती. आयुष्यात दुसरी घेतल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

त्या खोलीत हा एक इंग्रजी शब्द जुन्या घरगड्यासारखा पडेल ते काम करत होता. कवळी म्हणजे सेट. ती ज्या दातांची बनते ते कार्डावर चिकटवून येतात, तोही सेट. घासायचं यंत्र गुरगुरलं की ते सेट करायचं. टेबलावरचा फोन अर्ध्यात बंद पडायचा, तेव्हा सेट गेला. मी तिथे असतानाच त्यांच्या मेव्हणीचा फोन आला, तर मास्तरांची मुलगी परगावी सेट झाली का, अशी चौकशी. मास्तर सगळ्यांना तोच शब्द एकाच थकल्या सुरात परत करत होते आणि गंमत म्हणजे कोणाचाही गोंधळ होत नव्हता. आमच्याकडे सोफ्याचा सेट आहे, बायको केस सेट करते, भाचा त्याच नावाच्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसतोय. तरी इतक्या कामाला जुंपलेला शब्द मी पाहिला नव्हता. न राहवून विचारलं, मास्तर, याचा नक्की अर्थ काय हो?

"हलायचं थांबलं की सेट," ते म्हणाले. "तुकडे ठेवून जा. शुक्रवारी या."

सासूबाईंच्या राज्यात शुक्रवारपर्यंत जगणं अवघड होतं. मी उद्याच द्या म्हणून गळ घातली. मास्तर म्हणाले, गुरुवारी मी बाहेरचं काम घेत नाही. मी पुन्हा विनवलं. तिसऱ्यांदा विनवलं. अक्षरशः माझ्या दातांच्या कण्या झाल्या. शेवटी, मला हो म्हणणं सोपं की नाही, याचा हिशोब करून त्यांनी मान हलवली.

गुरुवारी मी जेवणवेळ टळल्यावर गेलो. मास्तरांनी कवळीचे तुकडे जुळवून मागून प्लास्टर ओतलं होतं आणि ते अजून गरम होतं. खोलीत स्टूल एकच, त्यावर मी बसलो. मग बोलायला लागलो, कारण मला येणारी तेवढीच कला आहे. मास्तर उभ्याउभ्या एक दुसरीच कवळी घासत होते. मी विचारलं, ही कोणाची?

"घरातली."

मग तुकड्यातुकड्याने, यंत्र बंद असेल तेवढ्या वेळात, गोष्ट बाहेर आली. मास्तरांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेला. हातपाय बरेचसे सावरले, पण तोंडाची डावी बाजू उतरली ती उतरलीच. जुनी कवळी बसेना. मास्तरांनी नवी केली, ती घास चावताना सुटायची. दुसरी केली, तिसरी केली. आता हातात होती ती पाचवी. वहिनी दोन घास चावायच्या आणि ताट बाजूला सारायच्या. दुधात कुस्करलेला पाव, केळं, एवढ्यावर दिवस. अंगावरचे कपडे त्यांच्याभोवती फिरायला लागले होते. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, येत्या सोमवारी वजन करू, आणखी उतरलं असेल तर नाकातून नळी घालावी लागेल.

"नळी नको म्हणते," मास्तर म्हणाले. "कवळीही नको म्हणते. पुरे आता, म्हणते."

हे सांगताना त्यांचा आवाज हलला वगैरे नाही. पोत्यातलं प्लास्टर संपत आलंय हे जसं सांगतील तसंच सांगितलं. आठवडाभर डॉक्टरांची कामं आणि गुरुवारी हे, असं वर्षभर चाललं होतं. खणात आधीच्या चारही कवळ्या होत्या. मला त्यातलं काही कळत नाही, पण एकीतही खोट दिसत नव्हती. दात दुकानाच्या काचेत मांडावेत इतके सरळ.

आपण याच माणसाची सुट्टी एका रुमालापायी खाल्ली, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. खरं तर मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण मला तिथेच बसलेला पाहून मास्तर कंटाळून म्हणाले, आत चला, चहा टाकतो, तोवर सेट होईल.

आत म्हणजे मागची खोली. एका कोपऱ्यात शेगडी, दुसऱ्या कोपऱ्यात पलंग. वहिनी वेताच्या मोड्यावर बसून वाटीतला पाव खात होत्या. परका माणूस पाहून त्यांनी चटकन तोंड भिंतीकडे वळवलं. मास्तर हळूच म्हणाले, तिला खाताना कोणी बघितलेलं आवडत नाही, मीसुद्धा वाटी देतो आणि बाहेर निघून जातो. पण आज पाहुणा होता, चहा होता, आणि चहा करणारे ते एकटेच. बाहेर जाता येईना. मी शहाण्यासारखा खिडकीबाहेर बघत बसलो. मास्तर पातेल्याशी उभे.

चहा उतू गेला. शेगडी विझली, गॅसचा वास सुटला, तरी मास्तर हलेनात. मी उठून कॉक बंद केला. ते वहिनींकडे बघत होते. वहिनींनी डाव्या हाताचं एक बोट गालावर दाबून धरलं होतं, आणि घास चावता चावता तो गाल आत ढकलत होत्या.

"हे कधीपासून करतेस?" मास्तरांनी विचारलं.

वहिनींनी आधी घास संपवला. मग अर्ध्या तोंडाने, शब्दांचे कोपरे खात म्हणाल्या, "पहिल्यापासून."

"मला सांगितलं नाहीस ते."

"तुम्ही बघितलं नाहीत."

मास्तर पलंगाच्या कडेवर बसले. मग माझ्याकडे न बघता, जणू फळीवरच्या जबड्यांना सांगावं तसं सांगायला लागले. या धंद्यात माणूस आमच्यासमोर येतच नाही. डॉक्टर माप पाठवतात, आम्ही त्यावरून प्लास्टरचं तोंड बनवतो, त्या तोंडात दात बसवतो. रस्त्यात कोणी हसलं तर दात ओळखतो, माणूस ओळखत नाही. हिचंही तसंच केलं. माप घेतलं, दार लावून घेतलं, प्लास्टरवर काम केलं. प्लास्टरच्या तोंडाला गाल नसतो. हिचा गाल सैल पडलाय, घास दात सोडून गालात जाऊन बसतो, तो हिला जिभेने परत आणता येत नाही. दात कितीही सरळ लावले तरी काय उपयोग.

मी म्हणालो, मास्तर, एवढं काही नाही, कोणाच्याही लक्षात आलं नसतं. ते म्हणाले, कोणाच्याही घरात नव्हती ती, माझ्या घरात होती. मग वहिनींकडे वळून म्हणाले, "एकच शेवटची. ही नाही बसली तर नाव काढणार नाही."

वहिनींनी वाटी खाली ठेवली. पदराने तोंडाची डावी कड पुसली. शेवटी म्हणाल्या, "सोमवारच्या आत."

सासूबाईंची कवळी मला त्याच संध्याकाळी मिळाली. घरी ती तोंडात जाताच सासूबाईंनी दोन दिवसांचं चावणं आणि बोलणं एका जेवणात उरकलं. पण मन लागेना. शनिवारी मी कवळी टोचते आहे अशी थाप मारून पुन्हा मास्तरांकडे गेलो. सासूबाईंना थापेचा पत्ता नव्हता. त्यांच्या तोंडात टोचण्यासारखं एकच होतं, आणि ते कवळीत नव्हतं.

मास्तर दोन रात्री नीट झोपले नसावेत. भुवयांवर प्लास्टर, डोळ्यांखाली काळं. पाचवी कवळी त्यांनी मोडून नव्याने लावली होती. मेणावर दात लावून वहिनींच्या तोंडात घालायची, गाल कुठे येतो ते बघायचं, काढायची, पुन्हा मेण चढवायचं. या वेळी दार उघडं ठेवून, मोड्याशेजारी जमिनीवर बसून. आता पक्की झाली होती. डाव्या बाजूला गालाला आतून टेकू मिळावा म्हणून तिचा हिरडीचा भाग जाड ठेवला होता आणि दात किंचित बाहेर सरकवले होते. खणातल्या कवळ्यांशेजारी ती एखाद्या सरळ घराण्यातल्या वाकड्या पोरासारखी दिसत होती. डॉक्टरांना दाखवली का, मी विचारलं. मास्तर म्हणाले, ते हसतील, आणि मला आज कोणाचं हसणं ऐकायचं त्राण नाही.

त्यांनी कवळी धुतली आणि वहिनींच्या हातात दिली. वहिनींनी आमच्याकडे पाठ करून ती बसवली आणि पुन्हा वळल्या. गालाचा उतार भरून आला होता. थोडा जास्तच. डाव्या बाजूला पेरूची फोड ठेवल्यासारखा. मास्तरांनी चपातीचा तुकडा पुढे केला, कोरडा, दुधात न भिजवलेला. वहिनींनी तो घेतला, पाहिला, आणि तोंडात टाकला.

चावायला लागल्या. सवयीने बोट गालाकडे गेलं. बोट गालापाशी अडखळलं, मग परत मांडीवर आलं. त्या चावत राहिल्या. मोठ्या कष्टाने, डोंगर चढताना माणूस पावलं टाकतो तसं एकेक. बाहेर कोणीतरी मोटारसायकल सुरू करत होतं, ती होत नव्हती. मास्तर वहिनींच्या गळ्याकडे बघत होते. उभे होते, पण उभ्याउभ्या कोणी वाळूचं पोतं खांद्यावर ठेवलं असावं तसे.

मला राहवेना. इतका वेळ गप्प बसायची सवय नाही. मी म्हणालो, "मास्तर, सेट झालं म्हणायचं मग!"

"गप्प बसा," मास्तर म्हणाले, "तिने अजून गिळलं नाहीये."