त्याचा एकच फोटो

पावसाळ्यात डोंगरात फिरायला जाणाऱ्यांचा मला आजही राग येतो. गळ्यात कॅमेरे, अंगात रंगीत रेनकोट, आणि परत आल्यावर वर तोंड करून सांगणार, "काय धबधबा होता म्हणून सांगू!" नका सांगू. मला माहीत आहे.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. एकलहऱ्याच्या वसाहतीत माझा एक दोस्त होता. आम्ही दोघंही वीज केंद्रात नुकतेच लागलेलो, त्याचे वडील तिथंच बॉयलरवर. त्यांना मी त्याच्यासारखंच दादा म्हणायचो. दोस्तानं कुणाकडून तरी एक जुना रशियन कॅमेरा घेतला आणि त्याचं डोकंच फिरलं. सुट्टी आली की पहाटेची एसटी धरून पेठ, नाहीतर सुरगाणा. तिथून चिखल तुडवत जंगलात. बरोबर मी, छत्री धरायला.

खरंच छत्री धरायला. साहेब गुडघ्यावर बसून सागाच्या खोडावरचं शेवाळ टिपणार, आंब्याच्या फांदीवरची आमरीची फुलं टिपणार, कारवीच्या झुडपांत शिरलेलं धुकं टिपणार, आणि मी मागं उभा राहून भिजत कॅमेरा कोरडा ठेवणार.

"अरे, माणसांचे काढ की! शेवाळाची काय सोयरीक जमवायचीय?"

"गप रे. छत्री सरळ धर."

एवढंच उत्तर मिळायचं. पण मला ते आवडायचं, का खोटं बोलू.

त्याचा स्वतःचा फोटो मात्र एकही नव्हता. काढणाराच तो, मग फोटोत येणार कोण? श्रावणातल्या एका रविवारी मीच वैतागून कॅमेरा ओढून घेतला. "उभा राहा, नवरदेवा. मुलगी बघायला गेल्यावर काय शेवाळ दाखवणार आहेस?" तो झाडाला टेकला, ओले केस मागं सारले आणि हसला. मी बटण दाबलं. त्यानं लगेच कॅमेरा परत घेतला, चामड्याच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवला.

परतताना ओढा आडवा आला. सकाळी घोट्याएवढा होता, आता फुगला होता, वर कुठंतरी पाऊस कोसळला असावा. मी पलीकडे पोचलो. तो मधल्या दगडावर होता आणि तो दगड फिरला. मी काठानं हाका मारत पळालो, काटे लागले, पडलो, पुन्हा पळालो. दुसऱ्या दिवशी पाड्यावरच्या लोकांना तो खाली उंबराच्या मुळांत सापडला. कॅमेरा गळ्यातच होता.

घरी पुण्यानुमोदनाची तयारी सुरू झाली. बुद्धमूर्तीशेजारी ठेवायला त्याचा फोटो पाहिजे. कामाच्या पासावरचा होता, तो पाकिटासकट ओढ्यात गेलेला. शाळेचा एक ग्रुप फोटो निघाला, त्यात त्याचं तोंड तुरीच्या डाळीएवढं. त्याच्या आई तो फोटो डोळ्यांशी नेऊन बघायच्या आणि खाली ठेवायच्या. मला राहवेना. म्हटलं, "आई, कॅमेऱ्यात आहे त्याचा फोटो. मी काढलाय."

त्यांनी माझा हातच धरला. "हसतोय का रं त्यात?"

"हसतोय, आई."

चार दिवसांत पहिल्यांदा त्या घरात कुणीतरी चहा टाकला.

कॅमेरा दादांकडे होता. आमच्या वसाहतीत पावसाळ्यात काही वाळत नसे, म्हणून बॉयलरवर ड्यूटी असलेल्या माणसाबरोबर सगळे ओल्या वस्तू पाठवायचे. पोरांचे बूट, गोधड्या, वह्या, एकदा तर कुणाचे पापड. तिथल्या धगीत संध्याकाळपर्यंत सगळं खडखडीत. दादांनी मुलाचा कॅमेराही तसाच नेला आणि गरम पाइपाजवळ तारेला टांगून ठेवला. स्वच्छ फडक्यात गुंडाळून त्यांनी तो माझ्या हातात दिला, अजून कोमट होता. "बघ. एक थेंब राहू दिला नाही आत."

मी नाशिकरोडला स्टुडिओत गेलो. मालक रोल घेऊन अंधाऱ्या खोलीत शिरला आणि बराच वेळ आला नाही. आला तो चिडूनच.

"वाळवला कुणी हा?"

"का?"

"अहो, भिजलेला रोल वाळवायचा नसतो! तसाच पाण्यात बुडवून आणायचा. मग काहीतरी हाती लागलं असतं. आता सगळा एकमेकाला चिकटून बसलाय. सोडवायला गेलो तर सालं निघतात."

मी त्याला पुन्हा प्रयत्न करायला लावला. अक्षरशः हात जोडले. त्यानं केला. काही नाही.

परत आलो तेव्हा दादा ओट्यावरच बसले होते. माझ्याकडे बघून त्यांना कळलंच असणार, तरी मला सांगावं लागलं. खरं कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, "पाणी फार गेलं होतं, दादा. ओढ्यानंच खाल्ला तो."

दादांनी मान हलवली. मग म्हणाले, "माझंच चुकलं. पोलिसांकडून आल्यावर दोन दिवस तसाच ओला पडू दिला मी. त्याच रात्री बॉयलरवर नेला असता तर वाचला असता फोटो."

खरं सांगितलं तरी दोष त्यांच्याच पदरात पडणार होता, आणि खोटं सांगून मी तो पाडूनच बसलो होतो.

आतून आईंनी विचारलं, "आला का रं फोटो?"

उत्तर द्यायला दादाच उठले.