गादी कुणाकडे

सध्या कसोटी क्रिकेटचा जगज्जेता कोण, असं लिफ्टच्या मिस्त्रीला कुणी विचारलं, तर तो विचारणाऱ्याकडे आधी कीव आल्यासारखा बघायचा. मग म्हणायचा, "कागदावरचा की खरा?"

कागदावरचा म्हणजे गुणतक्त्यात वर आलेला, अंतिम सामना जिंकून गदा उंचावत फोटो काढून घेणारा. त्याच्याबद्दल मिस्त्रीला काही राग नव्हता. खरा म्हणजे गादीवाला. जगातली पहिली कसोटी ऑस्ट्रेलियाने जिंकली, म्हणून गादी ऑस्ट्रेलियाची. दुसऱ्या कसोटीत इंग्लंडने त्यांना हरवलं, गादी इंग्लंडकडे. तेव्हापासून आजपर्यंत, गादीवाल्याला समोरासमोर जो हरवेल त्याची गादी. सामना ड्रॉ झाला तर गादी जागची हलत नाही. बाकीच्या संघांनी आपसात कितीही डोकी फोडून घेतली तरी गादीला त्याचं सोयरसुतक नाही. "राजाला ज्याने पाडला तो राजा. त्यात गुण कसले मोजता, शाळा आहे का?" हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं, आणि पहिल्यापासून आजवरची गादीची सगळी वंशावळ त्याला तोंडपाठ होती.

बायको म्हणायची, "जगाची गादी कुणाकडे ते ठाऊक, आणि घरातली गादी उन्हात टाकायला सांगितली तर साफ विसरतात." पूर्वी या वाक्यावर मिस्त्रीसुद्धा हसायचा. आता बायकोने ते म्हटलं की तो उठून दुसऱ्या खोलीत जायचा.

त्याच्याबरोबर काम करायचा तो साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि दोघे एकाच कंपनीत लिफ्टच्या दुरुस्तीवर, त्यामुळे सणसमारंभ नसला तरी रोज एकमेकांच्या उरावर. साडू वयाने लहान, अंगाने किरकोळ, तोंडाने फटकळ. गादीचं वेड त्याला मिस्त्रीनेच लावलं होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं.

लिफ्टच्या कामात एक जण डब्याच्या छतावर उभा राहतो आणि दुसरा सगळ्यात वर, मशीनरूममध्ये, स्विचपाशी. दोघे एकमेकांना दिसत नाहीत. तारेचे दोर जिथून खाली जातात त्या भोकातून फक्त आवाज येतो. त्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या फोरमनचा दंडक होता की सतत बोलत राहायचं. आवाज थांबला की वरच्याने मेन स्विच पाडायचा आणि छतावरच्याने लिफ्ट जागीच रोखणारं लाल बटण दाबायचं. आणि गाणी म्हणायची नाहीत. "गाणं माणूस झोपेतही म्हणतो," फोरमन ओरडायचा. "डोकं लागेल असं बोला. समोरचा जागा आहे हे कळलं पाहिजे." बाकीच्या जोड्या सासरची उणीदुणी काढत. या दोघांनी गादी धरली. एकाने सामना सांगायचा, दुसऱ्याने गादी कुणाकडे गेली ते सांगायचं, रोज अगदी पहिल्या सामन्यापासून. खालून "बरोबर" आलं की दोघेही शुद्धीवर आहेत.

मिस्त्रीचा थोरला भाऊ याच वयात विसरायला लागला होता. आधी छत्री, मग घराचा रस्ता, मग पोटची मुलगी. शेवटी शेवटी मिस्त्री भेटायला गेला की भाऊ अदबीने विचारायचा, "तुम्ही कुठून आलात?" ज्या भावाने आयुष्यभर 'ए गाढवा' म्हणून हाक मारली त्याच्या तोंडचं ते 'तुम्ही' ऐकून मिस्त्री चहा न घेताच उठायचा. भाऊ गेल्यावर मिस्त्रीने मनाशी एक ठरवून टाकलं. गादी पाठ आहे तोवर आपलं डोकं शाबूत आहे. रोज दाढी करताना तो आरशासमोर वंशावळ पुटपुटायचा. घरच्यांना वाटायचं, देवाचं काहीतरी म्हणतोय.

आणि एका सकाळी अर्धी दाढी झालेली असताना वंशावळ तुटली.

फार पुढे नाही, सुरुवातीलाच. दक्षिण आफ्रिकेने इंग्लंडवर पहिला विजय मिळवला, एक गडी राखून, शेवटच्या जोडीच्या जोरावर. गादी प्रथमच इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या बाहेर गेली. मिस्त्रीच्या आवडीचा सामना. आणि मग? मग काहीच नाही. जिना उतरताना शेवटची पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं झालं. गालावरचा साबण सुकला. बायकोने बाहेरून विचारलं, "अहो, झोपलात की काय?"

दुपारी जेवताना आपोआप आठवलं. त्याच मालिकेत, चौथ्या सामन्यात, इंग्लंडने गादी परत घेतली आणि पाचव्यात लगेच घालवली. एका सामन्यापुरतं राज्य. असलं विसरायला होतंच, असं त्याने स्वतःला समजावलं, पण तो डबा अर्धाच ठेवून उठला. दुसऱ्या आठवड्यात तिथेच अडखळलं. मग दुसरीकडेही. कधी घाईघाईने एखादं नाव ठोकून द्यायचा आणि साडूचं "बरोबर" आलं की हुश्श करायचा.

बायकोला सांगितलं नाही. डॉक्टरचं नाव काढलं नाही. एक मात्र केलं. आजवर दोघे पाळी लावून छतावर उतरायचे, ते त्याने बंद केलं. "मीच उतरतो, तुझ्याकडून ग्रीस सांडतं," असं काहीबाही म्हणून तो रोज शाफ्टमध्ये, लिफ्टच्या त्या उभ्या विहिरीत, जायला लागला. वर उभा असलेला माणूस गडबडला तर मरतो खालचा. आपण खाली असलो म्हणजे आपल्या चुकीने मरायचं झालं तर आपणच मरू, साडूचा केसही वाकडा होणार नाही. हा हिशेब त्याला इतका पटला होता की त्या अंधारात उतरताना त्याला उलट हलकं वाटायचं. भीती वाटायची ती घरी, उजेडात.

तो दिवस उजाडला तेव्हा मिस्त्रीचा उजवा खांदा धरला होता. हात कानाच्या वर जाईना.

काम होतं कचेऱ्यांच्या एका जुन्या उंच इमारतीत. दोर तपासायचे होते. डबा थोडा थोडा वर घेत छतावरच्याने प्रत्येक दोरावरून फडकं फिरवायचं, तुटलेली तार फडक्यात अडकते. साडूने त्याच्या खांद्याकडे बघितलं आणि पट्टा स्वतःच्या कमरेला आवळला.

"आज मी उतरणार. तू वर थांब."

"मला जमेल."

"शर्टाची बटणं लावताना तोंड वाकडं होतंय तुझं. दोर काय दातांनी पुसणार? जा वर."

मिस्त्रीला त्या क्षणी सगळं सांगून टाकावंसं वाटलं. साडू, माझ्या डोक्याचा भरवसा राहिला नाही. वाक्य ओठांवर आलं होतं. पण मग कंपनी, मग डॉक्टर, मग बायकोचा चेहरा, मग एक दिवस कुणालातरी अदबीने 'तुम्ही' म्हणणारा आपण. तो जिना चढून मशीनरूममध्ये गेला.

खोली लहान, तेलाच्या वासाने भरलेली. मध्ये मोटर, भिंतीवर मेन स्विच, आणि शेजारी मुठीएवढा खटका. तो एका बाजूला वळवला की 'दुरुस्ती', म्हणजे लिफ्ट वरच्याच्या हाताने गोगलगायीसारखी सरकते. दुसऱ्या बाजूला वळवला की 'चालू'. मग ज्या मजल्यावर कुणी बटण दाबलं असेल तिकडे ती भरधाव सुटते. आणि 'बंद आहे' अशी पाटी लावली तरी कुठल्यातरी मजल्यावर कुणीतरी बटण दाबतंच. छतावरच्याने लाल बटण दाबलेलं असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर त्याच्या डोक्यावर काँक्रीट असतं.

"सुरू कर!" भोकातून साडूचा आवाज आला. "पहिली कसोटी!"

"ऑस्ट्रेलिया."

"बरोबर. दुसरी! थोडी वर सोड."

"इंग्लंड." मिस्त्रीने लिफ्ट हातभर वर घेतली.

"थांब. बरोबर. पुढची!"

ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया. मिस्त्री ते अडखळायचं ठिकाण जवळ येताना बघत होता. आज सकाळी त्याने तेवढाच भाग पुन्हा पुन्हा घोकला होता, शाळेत नापास होणारं पोर घोकतं तसा. सोड, थांब, बरोबर. सोड, थांब, बरोबर.

"दक्षिण आफ्रिका, एक गडी राखून!" साडू ओरडला. "त्यानंतर?"

मिस्त्रीने डोळे मिटले. एक क्षण सगळं काळं झालं, आणि मग आलं. "चौथा सामना, इंग्लंड! पाचव्यात परत आफ्रिका!"

"वा रे पठ्ठ्या! बरोबर!"

त्याच्या छातीवरचा दगडच उतरला. आपण उगाच घाबरलो. खांदा दुखतो तशी स्मरणशक्तीही दुखते कधी कधी, त्यात काय एवढं? पुढची नावं तर भराभर यायला लागली, साडूने सामना सांगायचा अवकाश. एकही चूक नाही. खालून बरोबर, बरोबर. मिस्त्रीला खूप दिवसांनी बरं वाटत होतं. काम आटोपलं, आता खाली जाऊन चहा घ्यावा, असा विचार त्याच्या मनात आला. तोंड नावं सांगतच होतं.

"बरोबर! पुढची!"

मिस्त्रीने उत्तर दिलं, आणि त्याची नजर स्वतःच्या हातावर गेली.

हात खटक्यावर होता. खटका 'दुरुस्ती'वरून निघून अर्धा फिरला होता. काम आटोपलं, म्हणून लिफ्ट चालू करायची. रोजची सवय.

"बरोबर!" साडू म्हणाला.

कोण म्हणालं? कुठून म्हणालं? मिस्त्रीला ते कळायला वेळ लागला. खाली साडू आहे. छतावर आहे. काम झालेलं नाही. आपण त्याच्याशी बोलत होतो, बरोबर उत्तरं देत होतो, आणि तो आहे हेच विसरून गेलो होतो.

त्याने दुखऱ्या हाताने मेन स्विच पाडला. मोटरचा गुणगुणाट बंद झाला.

"ए! काय झालं रे? मिस्त्री?"

मिस्त्रीने मशीनरूमला बाहेरून कुलूप घातलं. कुणी आत येऊन स्विच वर करू नये म्हणून, आणि त्या कुणीमध्ये तो स्वतःही होता. भिंतीला धरून जिना उतरून त्याने शाफ्टचं दार किल्लीने उघडलं. साडू छतावर उकिडवा बसला होता, हातात फडकं.

"वीज का तोडलीस? एक नाव चुकला नाहीस आज."

"नाही ना चुकलो?"

"एकही नाही."

"माझा हात 'चालू'वर होता, साडू. अर्धा फिरवला होता मी. तू खाली आहेस हे माझ्या डोक्यातच नव्हतं."

साडू उठून दारातून बाहेर आला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. फडक्याने बोटं पुसत राहिला, ती स्वच्छ झाली तरी.

"तू चुकतोस ते मला कधीपासून माहीत आहे," तो शेवटी म्हणाला. "सांगितलं असतं तर तू काम सोडून घरी बसला असतास. मला वाटलं, सांभाळून घेऊ. पाळी होती तेव्हा तू वरून नाव चुकलास की मी आधी लाल बटण दाबायचो आणि मग बरोबर म्हणायचो. आजही तेच ठरवून उतरलो होतो."

"आणि आज?"

साडूने त्याच्याकडे बघितलं नाही. "आज तू बरोबर सांगत होतास. मग कशाला दाबू?"

फोरमन म्हणायचा ते गाणं हेच होतं. इतक्या वर्षांत गादीचंच गाणं होऊन बसलं होतं, आणि दोघांपैकी कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "लिफ्ट कधी चालू होणार हो?" साडूने तिकडे लक्ष दिलं नाही. मिस्त्रीने मशीनरूमची किल्ली त्याच्यापुढे धरली. साडूने हात मागे घेतला.

"ड्रॉ धरू, मिस्त्री. कुणाला खरचटलंही नाही. ड्रॉ झाला की गादी जागची हलत नाही, तूच शिकवलंस."

मिस्त्रीला क्षणभर मोह झाला. उद्या खांदा बरा होईल, आपण पुन्हा खाली उतरू, कुणाला कळणारही नाही. मग त्याने साडूच्या डोक्याकडे बघितलं. केसांत शाफ्टमधली धूळ होती. तो त्याच्या मेव्हणीचा नवरा होता, दोन पोरांचा बाप होता.

"ड्रॉ नाही," तो म्हणाला. "मी हरलो. ठेव ती." आणि त्याने किल्ली साडूच्या खिशात घातली.

जिना उतरताना साडूने त्याचं कोपर धरलं. मिस्त्रीने धरू दिलं. एका मजल्यावर तो थांबला.

"तुझ्या मेव्हणीला मी सांगेन, तू सांगू नकोस."

"बरं."

"आणि साडू, मी उद्या कधी तुला 'तुम्ही' म्हणालो, तर रागावू नकोस."

साडूने त्याचं कोपर आणखी घट्ट धरलं आणि दोघे पुढची पायरी उतरले.