फौजी अप्पांची माती

पंधरा ऑगस्ट, सतरा सप्टेंबर, सव्वीस जानेवारी. या तिन्ही दिवशी फौजी अप्पांना शाळेच्या मैदानात पहिल्या रांगेत खुर्ची मिळायची. पाकिस्तानच्या लढाईत त्यांनी दोन जखमी सोबत्यांना गोळीबारातून ओढून आणलं होतं. स्वतःच्या गुडघ्यात लोखंडाचे तुकडे घेऊन परत आले. त्याचं पदक कोटावर असायचं. लोह्याकडच्या आमच्या गावात एवढा मोठा माणूस दुसरा झाला नाही. पाहुणा शाल पांघरायचा, नारळ द्यायचा, माईक पुढं करायचा. अप्पा दरवेळी एकच बोलायचे, "आमच्या दफनभूमीचं तेवढं बघा." टाळ्या पडायच्या. कशाबद्दल पडायच्या ते मला आजवर कळलेलं नाही.

अप्पा लिंगायत. त्यांच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात, हातात इष्टलिंग देतात आणि माती लोटतात. गावात त्यांची चारपाचच घरं. ओढ्याकाठच्या एका शेताच्या कोपऱ्यात ती आपली माणसं बसवत आली. शेतमालकाची हरकत नव्हती, म्हणून कागद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. अप्पांची बायको तिथंच आहे. पुढं मालक वारला. त्याच्या मुलानं तारेचं कुंपण घातलं आणि कोपऱ्यासकट सोयाबीन पेरलं. अप्पांना बायकोशेजारी जागा हवी होती. सरकारकडं त्यांचं मागणं एवढंच.

आम्ही पोरांनी पत्रकं काढली, तहसीलसमोर बसलो. अप्पाही यायचे, एक पाय सरळ पसरून बसायचे, कारण तो गुडघा वाकतच नव्हता. एकदा त्यांनी मातीचे विधी करणाऱ्या जंगम स्वामींनाच विचारलं, "स्वामी, मला मांडी घालता येत न्हाई. बसवनार कसं?"

"मेल्यावर समदे वाकतेत, अप्पा."

"फौजेत न्हाई वाकलो. खड्डाच जरा लांबट घ्या."

आम्ही पोटभर हसलो. मग तहसीलातून उत्तर आलं. जमीन खासगी आहे, आणि गावात द्यायला गायरान शिल्लक नाही.

अप्पा गेले ते भादव्यात. बंदुकांची सलामी झाली. तिरंग्याची घडी त्यांच्या एकुलत्या मुलीच्या हातात दिली. भाषणं झाली, एकात 'मातीशी इमान' असंही आलं. शेतमालकाचा मुलगा हार घेऊन आला होता. मी त्याला गर्दीत गाठलं.

"गेट उघड. तासाभराचं काम हाय."

"भाऊ, मी काय अप्पांचा दुश्मन हाय का? सोयाबीन शेंगांवर आलंय. आज एक बसवला की उद्या दफनभूमी म्हणून सातबाऱ्यावर चढंल."

"तुझ्या बापानं कधी न्हाई म्हटलं नव्हतं."

"बापाकडं बारा एकर व्हतं. आम्ही चौघं भाऊ हाव."

"अप्पांची बायको आत हाय, लेका."

"म्हनून तर तेवढ्यात नांगर वरवर घालतो."

सलामीला आलेल्या तहसीलदार साहेबांकडं गेलो. आजच्या दिवशी वाद नको, म्हणाले. सरपंच म्हणाले, बघू. प्रेत समोर ठेवलेलं, आणि हा माणूस बघू म्हणतो. शेवटी मुलीनंच तोडगा काढला. ती लातूरला राहते, तिथं समाजाची जागा आहे. सरकारनं फुलांनी सजवलेली गाडी तालुक्याच्या हद्दीपर्यंत पुढं चालली आणि तिथून परत फिरली. पुढच्या रस्त्याला अप्पांना ठेवलेली मागची गाडी, मुलगी, स्वामी आणि आम्ही चारदोन पोरं. दिवस मावळायच्या आत अनोळखी माणसांच्या ओळीत अप्पांना बसवलं.

पुढं काही महिन्यांतच गावात स्मारकाला जागा निघाली. गायरानातली, रस्त्याकाठची, मोक्याची. पायाभरणीची पत्रिका लिहायला सरपंच माझ्याच दारात आले. "तुझ्या हाताला धार हाय. जरा जोरात लिही." मी नाही म्हटलं. दुसऱ्यानं लिहिली, माझ्यापेक्षा जोरात लिहिली. आता तिथं अप्पांचा पुतळा उभा आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या एस्टीला सलाम करत. पुतळ्याला कुणी सातबारा विचारला नाही.

पत्रकं मी अजून लिहितो. सवय आहे म्हणून लिहितो. पदकवाल्याला चार हात जमीन मिळत नसेल, तर बिनपदकाच्या माणसानं माझं पत्रक वाचून करायचं काय?

मागच्या महिन्यात लातूरला गेलो. आधी अप्पांच्या जागेवर बेल वाहिला, मग मुलीच्या घरी गेलो. चहा टाकता टाकता ती म्हणाली, "दादा, गावाकडं जमत न्हाई तर ऱ्हाऊ द्या. आईला इकडं आणता येईल का? दोघं एका जागी तरी ऱ्हातील."

मी स्वामींना फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

"बसवलेल्याला उठवत न्हाईत, बाळा."

तिनं गॅस बारीक केला. "मग माझी माती तरी अप्पांच्या शेजारी व्हईल का?"

मी नुकताच तिथून आलो होतो. अप्पांच्या दोन्ही अंगांना नव्या मातीचे ढीग पडलेले होते. मी चहाचा कप घेतला आणि बशीत ओतू लागलो.