आइस्क्रीमच्या गोदामातली अक्का

आमच्या अक्काने एखादी गोष्ट मनावर घेतली की मधे कुणी पडायचं नसतं. मी तर नाहीच नाही. मी धाकटा भाऊ. जळगावात पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं माझं दुकान आहे, साठी जवळ आली आहे, पण अक्कासमोर माझी पत अजून हाफ चड्डीतल्या पोराएवढीच. त्यामुळे ऐन मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत असताना, तिने धुळ्याहून फोन करून सांगितलं, "भाऊ, मला बर्फात झोपायची सवय करायची आहे, जागा बघून ठेव," तेव्हा मी मुकाट हो म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र कपाळावर हात मारून घेतला.

बर्फाचं प्रकरण असं. अक्काची एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी भाची, फिनलंडमध्ये नोकरी करते. दर हिवाळ्यात ही पोरगी पायाला स्की बांधून, सामानाची घसरगाडी मागे ओढत, पार उत्तरेकडच्या जंगलात जाते, बर्फात तंबू ठोकते आणि तिथे चार दिवस राहते. एकटी. तिथे फोन लागत नाही, माणूस दिसत नाही, आणि म्हणे त्यासाठीच जायचं. मला विचाराल तर याला सुखाचा जीव दुःखात घालणं म्हणतात. ते चार दिवस इकडे धुळ्यात, देवपूरच्या घरात अक्काचा जीव टांगणीला लागलेला असतो. धड जेवत नाही, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, फोन मात्र उशाशी. मेव्हणे होते तोवर दोघं एकमेकांना धीर द्यायचे. ते गेल्यावर ती एकटीच जागते.

"मग सांग ना तिला, जाऊ नकोस म्हणून," मी एकदा म्हणालो.

"नाही सांगणार. भीती घालून वाढवलं नाही तिला, आता कशाला घालू?" अक्का म्हणाली. "मीच एकदा तिच्याबरोबर जाते. ती कुठे झोपते, काय खाते, सकाळी कशी उठते, ते माझ्या डोळ्यांनी बघते. एकदा बघितलं ना भाऊ, की मला झोप लागेल. नाहीतर मरेपर्यंत माझे सगळे हिवाळे असेच जातील."

भाचीने आधी हसण्यावारी नेलं. मग आई ऐकत नाही म्हटल्यावर तिने अट घातली. तिथे उणे वीस म्हणजे साधी गोष्ट. तेवढ्या थंडीत आई दोन तास नीट बसून दाखवेल तरच फेब्रुवारीत तिला जंगलात नेणार. खानदेशात उणे वीस कुठून आणणार, असा तिचा हिशेब असावा. पण अक्का एका मुलींच्या शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली. पोरींच्या सबबी ऐकून घेण्यात तिची हयात गेली होती. अटीतली पळवाट तिने बरोबर हेरली आणि माझ्यामागे लागली.

जागा मिळाली. माझा एक वर्गमित्र आइस्क्रीमचा घाऊक व्यापार करतो. एमआयडीसीत त्याचं गोदाम आहे आणि गोदामात उणे अठराची एक मोठी खोली. मी चाचरत विषय काढला तर तो म्हणाला, "अक्का आमच्या गोदामात येणार? मग दोन अंश अजून खाली करू की." वेड्यांना वेडेच भेटतात.

तिकडे धुळ्यात अक्काने पदर खोचला होता. मे महिना म्हणजे आमच्याकडे वाळवणाचे दिवस. घरोघरी गच्चीवर जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यावर बिबडे, कुरडया, पापड. अक्काने तिथेच फिनलंडचं जेवण वाळत घातलं. मसाल्याची खिचडी शिजवून ती पातळ पसरून वाळवली, इतकी की दाणे बोटांत खळखळ वाजावेत. डाळ शिजवून, घोटून, तिचे पापुद्रे केले. वांगी भाजून, ठेचून, त्या भरताच्या वड्या वाळवल्या. मग प्रत्येक जिन्नस मूठभर घेऊन त्यावर उकळतं पाणी ओतून, झाकून, खाऊन बघितला. खिचडी झकास झाली. डाळही जमली. भरताने मात्र दगा दिला, चव चांगली पण चावता चावेना. "याला अजून बारीक करावं लागेल," म्हणून ती परत वांगी आणायला गेली. दुपारच्या त्या उन्हात आपण दाराबाहेर पाय टाकत नाही, आणि ही बाई तेच ऊन डब्यात भरून बर्फात न्यायला निघालेली. मला तेव्हा खरंच तिचं कौतुक वाटलं. तोंडावर बोललो नाही, शेफारली असती.

आणि मग गोधडी. इथे आम्ही सगळेच चुकलो, म्हणून सविस्तर सांगतो. आमचं गाव धरणगावजवळ. आमच्या घराण्याचं सगळं कापसावर चाललेलं. आमच्याकडे बाळ जन्मलं की कापूस, कान दुखला की कापूस, थंडी वाजली की कापूस. तेव्हा बर्फात जायचं तर घरच्या कापसाची जाडजूड गोधडी आणि अंगात सुती बंड्या, एकावर एक तीन, यात कुणाला शंका आली नाही. चुलतभावाने शेतातला निवडक कापूस दिला. धरणगावच्या पिंजारी चाचांनी तो स्वतः पिंजून दिला आणि वर म्हणाले, "अक्का, अशी गोधडी होईल, बर्फावर टाका, तरी घाम फुटेल." आमची म्हातारी चुलती ओट्यावर बसून सगळं बघत होती. तिने विचारलं, "तठे काय शे व माय, एवढं लांब जाईसन?" अक्का म्हणाली, "पोर शे ना तठे, काकू." पोर तिथे आहे म्हटल्यावर चुलती गोधडीला टाके घालू लागली.

ठरलेल्या दिवशी अक्का धुळ्याहून एसटीने आली. भर दुपारी. मी न्यायला येतो म्हटलं होतं, पण थांबेल ती अक्का कसली. स्टँडवरून खांद्यावर गोधडी टाकून, रिक्षावाल्याशी हुज्जत घालून, ती गोदामाच्या दारात माझ्याआधी हजर. आयुष्यभर ती अशीच धावत आलेली आहे. सकाळचा डबा, शाळा, सासू-सासऱ्यांचं दुखणंखुपणं, परत शाळा. सावकाश चालताना मी तिला कधी पाहिलेलं नाही. घामाने नुसती निथळत होती. मी म्हटलं, "जरा टेक, पाणी पी." ती म्हणाली, "आत गारवाच आहे, तिथेच टेकते." आणि तीन बंड्या, त्यावर स्वेटर, वर गोधडी असा संसार घेऊन आत शिरली. दार आतूनही उघडता येतं, ते मित्राने तिला दोनदा दाखवलं, आणि आम्ही दोघं दाराच्या काचेला नाक लावून उभे राहिलो.

सुरुवातीला हात हलवून हसत होती. मग हसायची थांबली. मग खांदे वर ओढून घेतले. मित्र म्हणाला, "काढूया का?" मी म्हणालो, "तिला विचारल्याशिवाय काढलं तर मला खाईल." तेवढ्यात तीच उठली, दार ढकलून बाहेर आली आणि खुर्चीवर कोसळली. ओठ जांभळे पडलेले, दात कडकड वाजत होते. पाठीवरून हात फिरवला तर घामाने भिजलेल्या बंड्या बर्फासारख्या गार लागत होत्या. आणि मी मूर्खाने काय करावं? भाची फोनची वाट बघत होती, म्हणून मी त्याच क्षणी व्हिडिओ कॉल लावून फोन अक्कापुढे धरला.

भाचीने आईचा चेहरा बघितला. मग म्हणाली, "आई, बास. तू येणार नाहीस. हा विषय संपला." आणि फोन बंद.

संध्याकाळी आमच्या घरी अक्का चहाचा कप हातात धरून नुसती बसून होती. मला वाटलं, सुटलो. आणि असं वाटल्याचं वाईटही वाटलं, कारण तिचा चेहरा बघवत नव्हता. दुसऱ्या दिवशी गोधडी माझ्याकडे टाकून ती धुळ्याला गेली.

दुसरी कुणी असती तर मुलीशी भांडली असती, नाहीतर रडली असती. अक्काने तिला विद्यार्थिनीसारखा निरोप पाठवला: माझं काय चुकलं, ते सांग. येऊ दे म्हणून नाही. फक्त काय चुकलं. भाचीचा राग तेव्हा उतरला असावा, कारण तिने लांबलचक बोलून पाठवलं. ते अक्काने मलाही ऐकवलं. कापूस घाम पितो आणि धरून ठेवतो, आणि थंडीत ओला कपडा अंगावर असणं म्हणजे उघडं बसण्यापेक्षा वाईट. अंगाला लागून लोकर हवी. ती ओली झाली तरी ऊब सोडत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आई, घामच यायला नको. तिथे घाई करायची नाही. अंग तापायच्या आधी जॅकेटची गळ्याजवळची चेन उघडायची, चालायचं ते काही काम नसल्यासारखं. जो घाई करतो तो भिजतो.

लोकरीचं अक्काने मनावर घेतलं. मेव्हण्यांसाठी तिने वर्षानुवर्षं विणलेले स्वेटर पेटीत होते. ते तिने उसवले. मी म्हटलं, "अगं, आठवण म्हणून राहू दे एखादा." ती म्हणाली, "पेटीत ठेवून कुणाची ऊब राहते का?" कूलरसमोर बसून, मांडीवर लोकर घेऊन, तिने अंगाबरोबर बसणारी बंडी विणली, लांब बाह्यांची. टोचते म्हणाली, पण घालून बसली.

अवघड गेलं ते सावकाश चालणं. रोज सकाळी पांझरा नदीच्या कडेने ती हळू चालायचा सराव करायची. चार पावलं बरी जायची, मग पाय आपोआप पळायला लागायचे, की परत थांबायची. शेजारणी विचारू लागल्या, गुडघा धरला का हो बाई? एकदा मी धुळ्याला गेलो तेव्हा तिच्याबरोबर गेलो. मागे हात बांधून, इकडेतिकडे बघत, माझी बहीण चालत होती. मधेच म्हणाली, "भाऊ, या रस्त्याला इतकी झाडं आहेत, मला माहीतच नव्हतं." जन्मभर त्याच रस्त्याने ती शाळेत गेलेली.

जून संपता संपता ती परत गोदामात आली. यावेळी आदल्या दिवशीच आमच्याकडे मुक्कामाला. भाचीने सांगितलेली झोपायची पिशवी आणि खाली टाकायची गादी मी मागवून ठेवली होती. गोदामाच्या बाहेरच्या खोलीत, पंख्याखाली, अक्का आधी नुसती बसली. अंग कोरडं होईपर्यंत. मी घड्याळ बघत होतो, तिने बघितलं नाही. मग टॉवेलने पाठ पुसली, आडोशाला जाऊन लोकरीची बंडी घातली, त्यावर एकेक कपडा, जणू लग्नाला निघाली आहे. माझा जीव कासावीस. "चल ना आता," मी म्हणालो. "तू घाई करू नकोस," ती म्हणाली, आणि सावकाश आत गेली.

दोन तास. कधी पिशवीत शिरून आडवी झाली, कधी उठून खोक्यांच्या रांगांमधून हळूहळू फिरली, कधी गळ्याची चेन उघडली, परत लावली. थर्मासमधलं पाणी ओतून खिचडी भिजवली आणि आमच्याकडे बघत बघत चमच्याने खाल्ली. मित्र म्हणाला, "आपल्याला नाही जमायचं रे हे." माझा ऊर भरून आला होता.

बाहेर आली ती गालावर लाली घेऊन. यावेळी फोन तिनेच लावला. भाचीने तिला हात दाखव म्हटलं, बोटं हलव म्हटलं, पाठीला हात लावून कोरडी आहे का ते मला बघायला लावलं. कोरडी होती. मी तसं सांगितलं. तरी ती काही बोलेना. मला राग यायला लागला. म्हटलं, अट तुझीच होती ना? मग बोल की.

"मामा, थांब," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "आई, मला तिथे भीती वाटते. पहिल्या वर्षी रात्रभर रडले होते. अजूनही अंधार पडला की वाटते. मग सकाळी बरं वाटतं, म्हणून जाते. तू आलीस तर यावेळी नाही वाटणार. पण तुला तिथे काही झालं तर, या भीतीने मी नको नको म्हणत होते."

अक्का खुर्चीत बसली. मेव्हणे गेले तेव्हा सगळ्यांना सांभाळणारी ही बाई, माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू जाऊ नकोस म्हणाली असतीस."

"नसते म्हणाले," अक्का म्हणाली. "तेव्हाच आले असते."