डब्याला मॅचिंग

परवा दाराला ऑइलपेंट लावला आणि त्या वासासरशी मी थेट पालघर स्टेशनात पोहोचले, कितीतरी वर्षं मागे!

सासरे रेल्वेत गार्ड. त्यांच्या निवृत्तीला ह्यांनी रेल्वेचा चिमुकला लाकडी डबा घडवला होता. रंग हुबेहूब नसता, तर सासऱ्यांनी तो हातातही धरला नसता. पण रंग जुळवायला आख्खा खरा डबा घरी आणणार कसा? म्हणून मी मॅचिंग सेंटरमधून विटकरी रंगाच्या वेगवेगळ्या छटांचे ब्लाउजपीस आणले आणि पॅसेंजर थांबताच एकेक तुकडा डब्याला लावून बघू लागले.

खिडकीत टोपली सांभाळत बसलेली मावशी म्हणाली, "बाय, ह्यो नाय जुळत. साडी कुटं हाय?"

"साडी नाही, डबाच!" मागून हे ओरडले.

मावशीने माझ्याकडे दयेने पाहिलं आणि हात बाहेर काढून माझ्याकडचा दुसरा तुकडा डब्यावर दाबला. "ह्यो घे!"

तेव्हा लाजेने अर्धमेली झाले होते. आता सांगताना हसू आवरत नाही. त्याच तुकड्यावरून ह्यांनी ऑइलपेंट कालवला.

सासऱ्यांनी डबा फिरवून फिरवून पाहिला.

"रंग बरोबर आहे," ते म्हणाले. "पण डबा धुतला कुणी?"